वानराचे पुच्छ : निसर्गातील कार्य आणि रामकथेतील रूपे

जयपूरच्या दक्षिणेस टोंक रस्त्यालगत असलेले दुर्गापुरा हे एकेकाळी शहराबाहेरचे गाव होते. रेल्वेस्थानक आणि कृषिसंशोधन संस्था यांमुळे त्याचे नाव बाहेर ठाऊक होते. आज ते महानगरात पूर्णपणे सामावले आहे. जयपूर परिसरात दोन जातींचे मर्कटकुलीन प्राणी माणसांच्या सान्निध्यात राहतात आणि तेथील बोलीत त्यांना दोन स्वतंत्र नावे आहेत. तांबूस तोंडाचा, आखूड शेपटाचा तो ‘बंदर’. काळ्या तोंडाचा, करड्या अंगाचा आणि अंगाहून लांब शेपटाचा तो ‘लंगूर’. दुसरे नाव संस्कृत ‘लाङ्गूल’ म्हणजे पुच्छ या शब्दापासून आलेले असल्यामुळे, ज्याला नावच शेपटावरून मिळाले असा हा प्राणी आहे. मराठीत हाच भेद ‘माकड’ आणि ‘वानर’ या शब्दांनी दाखविला जातो. रानाशी संबंध असलेला शेतकरी किंवा गुराखी हा भेद काटेकोरपणे पाळतो. नागर लेखनात मात्र दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

हा केवळ शब्दांचा प्रश्न राहिलेला नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यामुळे उत्तरेकडील तांबड्या तोंडाचे ऱ्हीसस माकड संरक्षित प्राण्यांच्या अनुसूचीतून बाहेर पडले. वानर मात्र संरक्षित राहिला. ज्या नोटिशीत वा वृत्तात ‘माकडांचा उपद्रव’ असे मोघम लिहिले जाते तेथे कोणता प्राणी अभिप्रेत आहे यावर कायद्याचे उत्तर बदलते. कोकणातील बागायतदारांच्या तक्रारींतही दोन्ही प्राणी एका शब्दाखाली येतात. दूरवरून, चेहरा दिसण्यापूर्वी, या दोहोंना वेगळे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे शेपूट. म्हणून शेपटाचे प्रत्यक्ष कार्य काय आणि भारतीय वाङ्मयाने त्याच्यावर सोपविलेले कार्य काय, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. रामकथेच्या अभ्यासात पहिली गोष्ट बहुधा गृहीत धरली जाते आणि दुसरी ‘कविकल्पना’ या एका शब्दात निकालात काढली जाते.

प्रथम निसर्गाकडे. पूर्ण वाढलेल्या वानराच्या धडाची व डोक्याची मिळून लांबी सुमारे पन्नास ते ऐंशी सेंटिमीटर भरते. शेपूट सत्तर सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत जाते. ऱ्हीसस माकडाचे शेपूट वीस ते तीस सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे धडाच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी असते. दोघांच्या जीवनक्रमातील फरक या मापांत दिसतो. माकड पुष्कळसा वेळ जमिनीवर घालवते. वानरही जमिनीवर उतरतो, पण संकटसमयी त्याचा आश्रय म्हणजे झाड आणि एका झाडावरून दुसऱ्यावर घेतलेली लांब उडी. अशा उडीत शरीर हवेत असताना त्याला टेकायला काहीच नसते. त्या क्षणी शेपूट एका दिशेला फिरविले की धड विरुद्ध दिशेला वळते आणि पाय फांदीवर नेमके पडतात. अरुंद फांदीवर चालताना तोल एका बाजूस जाऊ लागला की शेपूट दुसऱ्या बाजूस झुकते. डोंबारी दोरीवर चालताना हातात आडवी काठी धरतो, तिचे कामही याच जातीचे आहे. फरक इतकाच की वानराचे चारही हातपाय फांदी धरण्यास मोकळे राहतात.

जे काम वानराचे शेपूट करीत नाही त्याचा निर्देशही तितकाच आवश्यक आहे. ते पकडत नाही. शेपटाने फांदीला विळखा घालून उलटे लोंबणारे माकड मुलांच्या चित्रपुस्तकांत सर्वत्र आढळते. परंतु ते दक्षिण व मध्य अमेरिकेतील आहे. तेथील स्पायडर, हाउलर, वूली इत्यादी माकडांच्या शेपटाच्या टोकाशी, आतल्या बाजूस, केस नसलेली कातडी असते आणि तिच्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. ते शेपूट म्हणजे जणू पाचवा हात असून संपूर्ण देहाचा भार पेलू शकते. कॅपुचिन माकडाचे शेपूटही विळखा घालते, पण त्यावर अशी उघडी कातडी नसते. आशिया व आफ्रिका खंडांतील एकाही माकडाचे वा वानराचे शेपूट प्रौढपणी अशा रीतीने पकड घेत नाही. भारतातील वानर फांदीवर बसतो तो बुडाच्या घट्ट्यांवर. शेपूट खाली सरळ लोंबत राहते. आईच्या पोटाशी बिलगलेले पिल्लू तिचे केस मुठीत धरते, शेपूट नव्हे. पिल्ले मोठ्यांची लोंबती शेपटे ओढून खेळतात आणि मोठे ते बरेचदा सहन करतात, एवढाच काय तो ‘पकडण्या’शी शेपटाचा संबंध.

शेपटाचे आणखी एक कार्य आहे, आणि वाङ्मयाच्या दृष्टीने ते तोल सांभाळण्याहून महत्त्वाचे ठरते. शेपूट बोलते. ऱ्हीसस माकडांच्या टोळीत वरच्या दर्जाचा नर शेपूट उंच धरून चालतो. ज्याचा दर्जा खालचा त्याचे शेपूट खाली असते. टोळीत कोणाला वाट द्यायची आणि कोणाकडून घ्यायची हे प्रत्येक वेळी भांडून ठरवावे लागत नाही, याचे एक कारण ही दिसणारी खूण होय. दाट पानांत चेहरा झाकला गेला तरी उभे शेपूट दिसते.

वानरांच्या बाबतीत शेपटाच्या ठेवणीला वेगळेच महत्त्व प्राप्त झाले आहे, आणि हा विषय महाराष्ट्राच्या भूगोलाशी निगडित आहे. जोधपूर येथे जन्मलेले प्राणिशास्त्रज्ञ मिठनलाल रूणवाल यांनी वानरांच्या शेपटाच्या ठेवणीचा देशभर पद्धतशीर विचार केला. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालकपद भूषविलेल्या रूणवालांचा, एस. एम. मोहनोत यांच्या सहकार्याने लिहिलेला दक्षिण आशियातील प्राइमेट प्राण्यांवरील ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दाखविलेला मुख्य भेद असा : उत्तरेकडील वानर चालताना शेपूट पाठीवरून पुढे, डोक्याच्या दिशेने कमानीसारखे वळवितो, दक्षिणेकडील वानराचे शेपूट वर उठून मागे, डोक्यापासून दूर वळते आणि त्याचे टोक मागच्या बाजूस खाली येते. जयपूर, जोधपूर, अबू येथील वानर पहिल्या प्रकारचे; धारवाडचे वानर दुसऱ्या प्रकारचे. या दोन प्रकारांमधील सीमा स्थूलमानाने तापी आणि गोदावरी या नद्यांच्या पट्ट्यातून जाते, म्हणजे ती महाराष्ट्राच्या मधून जाते. ही सीमा पट्टीने आखलेली नाही. नंतरच्या वर्णनांत ती पूर्वेकडे कृष्णेपर्यंत सरकवलेलीही आढळते. तथापि विदर्भातील वानर आणि सह्याद्रीच्या दक्षिण भागातील वानर यांच्या पाठी बाजूने पाहिल्या तर दोन वेगळी अक्षरे लिहिल्यासारख्या दिसतात, हे खरे. पूर्वी एकच मानली जाणारी ही जात आज अनेक जातींत विभागली जाते, आणि त्या विभागणीत रंग, आकार व जनुके यांच्याबरोबर शेपटाची ठेवण हाही एक पुरावा मानला जातो. माकडांचीही गोष्ट काहीशी अशीच आहे : उत्तरेत आखूड शेपटाचे ऱ्हीसस, दक्षिणेत व कोकणात लांब शेपटाचे बॉनेट माकड. त्यामुळे ‘माकडाचे शेपूट आखूड’ हे दुर्गापुऱ्यात पुरेसे ठरणारे लक्षण रत्नागिरीत जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. तेथे चेहऱ्याचा व अंगाचा रंगही पाहावा लागतो.

येथे नामकरणाविषयी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. या प्राण्याला १७९७ मध्ये द्युफ्रेन या फ्रेंच प्रकृतिवैज्ञानिकाने ‘एंटेलस’ हे नाव दिले. एंटेलस हा व्हर्जिलच्या ‘ईनिड’मधील वृद्ध मुष्टियोद्धा. पुढे इंग्रज प्रकृतिवैज्ञानिकांनी हीच वाट धरली आणि भारत व लंका येथील वानरांना प्रायम, हेक्टर, एजॅक्स, थर्सायटीज अशी ट्रॉयच्या युद्धातील नावे मिळाली. ज्या प्राण्याला स्वतःचे महाकाव्य होते त्याच्या अंगावर दुसऱ्याच महाकाव्याची नावे चढली. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकाराकडे आजवर पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

या पार्श्वभूमीवर वाल्मीकीचे सुंदरकांड पुन्हा वाचले की शेपटाच्या संदर्भातील त्याची क्रियापदे लक्ष वेधून घेतात. समुद्रोल्लंघनापूर्वी हनुमान शेपूट झटकतो. कवीने त्याचे वर्णन क्रमाने निमुळते होत जाणारे, वाटोळे आणि केसाळ असे केले असून, गरुडाने साप झटकावा तसे ते झटकले, असे म्हटले आहे. उड्डाणात ते पाठीमागे लांबते तेव्हा पुन्हा गरुडाने ओढून नेलेल्या महासर्पाची उपमा येते; अन्यत्र ते इंद्रध्वजाप्रमाणे उभारलेले दिसते. उपमा अतिशयोक्तीच्या आहेत, पण क्रिया नाहीत. झटकणे, मागे लांबणे, उभारणे ही तिन्ही कामे कोणत्याही वानराचे शेपूट करते. पकडणे, गुंडाळणे, बांधणे यांपैकी एकही क्रिया कवीने त्या उड्डाणात घातलेली नाही.

याहून बोलका प्रसंग रावणाच्या अंतःपुरातला आहे. निजलेली मंदोदरी पाहून, हीच सीता अशी हनुमानाची क्षणभर समजूत होते. त्या आनंदात तो बाहू थोपटतो, शेपटाचे चुंबन घेतो, खांबांवर चढतो, खाली उडी घेतो. आणि त्याने आपली वानरप्रकृती प्रकट केली, असे कवी स्वतःच म्हणतो. हा प्रसंग बहुतेक संक्षिप्त रामायणांतून गळतो. हनुमानाच्या विवेकी, संयत, दूतोचित प्रतिमेला तो बाधक वाटत असावा. वस्तुतः त्याचे मर्म नेमके तेथेच आहे. सुंदरकांडातील हनुमान सतत विचार करतो, पर्याय तोलतो, कोणत्या भाषेत बोलावे याचाही विवेक करतो. हा विवेक एकदाच सुटतो, आणि सुटतो तो एका चुकीच्या समजुतीच्या भरात. त्या क्षणी त्याच्या देहातून जे बाहेर येते ते शेपूट. पुढच्याच सर्गात तो भानावर येतो, रामाचा वियोग झालेली सीता अशी निजणार नाही, असे स्वतःला बजावतो आणि शोध पुढे सुरू होतो. शेपूट हे येथे अलंकरण नाही. वानर आणि दूत यांच्यामधील ताण दाखविणारी ती खूण आहे.

लंकादहनाचा प्रसंगही या दृष्टीने पाहावा. दूताला मारणे योग्य नव्हे असे बिभीषण सांगतो तेव्हा रावण दुसरी शिक्षा फर्मावतो. शेपूट हे वानरांचे आवडते भूषण असते, तेव्हा ते जाळा आणि अशा विद्रूप स्थितीत त्याचे आप्तस्वकीय त्याला पाहू देत, असा त्या आज्ञेचा आशय आहे. शिक्षा वेदनेची नाही, अप्रतिष्ठेची आहे. टोळीतील स्थान शेपटाच्या उभारणीवरून कळते, हे अर्वाचीन निरीक्षण आणि रावणाची ही आज्ञा यांचा थेट कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे होईल. परंतु शेपूट हे स्वकीयांनी पाहावयाचे चिन्ह आहे, ही जाण दोन्हींकडे समान आहे. दहनानंतर हनुमान शेपटाची आग समुद्रात विझवितो आणि सीता तर जळाली नसेल ना, या विचाराने व्याकूळ होतो. शेपूट विझविताना त्याचे तोंड व हात होरपळले आणि म्हणून वानरांची तोंडे काळी, ही सर्वत्र सांगितली जाणारी लोककथा वाल्मीकीची नव्हे. परंतु हनुमान माकड की वानर, या प्रश्नाला लोकपरंपरेने दिलेले ते निःसंदिग्ध उत्तर आहे.

वाल्मीकी स्वतः या भेदाविषयी उदासीन नाही. बालकांडात देवांपासून उत्पन्न झालेल्या वीरांची गणना ऋक्ष, वानर आणि गोपुच्छ अशी तीन वर्गांत होते. पुढे गवाक्ष हा ‘गोलाङ्गूल’ वानरांचा नायक म्हणून येतो. गाईसारखे शेपूट असलेला, म्हणजे लांब आणि टोकाशी झुबका असलेला, असा त्या नावाचा अर्थ असून कोशकार व अभ्यासक गोलाङ्गूल म्हणजे काळ्या तोंडाचा वानर असे समजतात. याउलट कपि, प्लवंग, शाखामृग, मर्कट हे शब्द छंदाच्या सोयीने एकमेकांच्या जागी येतात. मराठी अनुवादांतून ‘गोलाङ्गूल’ बहुधा ‘वानर’ वा ‘माकड’ होतो आणि शेपटावर उभारलेला एक जुना वर्ग वाचकाच्या नजरेआड जातो. अनुवादकाला येथे सोपा मार्ग उपलब्ध नाही, हे मान्य केले तरी ‘माकड’ हा पर्याय सर्वांत वाईट होय. मराठीत ‘माकड’ शब्दाला जोडलेली थट्टा युद्धकांडाच्या गांभीर्याला मारक ठरते.

महाभारताच्या वनपर्वात शेपटाचे आणखी एक कार्य येते. गंधमादनावरील कदलीवनात वाट अडवून पडलेला वृद्ध हनुमान शेपूट जमिनीवर आपटतो तेव्हा वज्रपातासारखा आवाज होतो आणि तो ऐकून भीम तिकडे वळतो. पुढे तेच शेपूट भीमाला दोन्ही हातांनीही उचलता येत नाही. येथे शेपूट कोणतीही हालचाल न करता विजयी होते. भीमाने हातांच्या बळावर आयुष्यभर जे मिळविले ते एका पडून राहिलेल्या अवयवापुढे थिटे पडते. या कथेची विनोदबुद्धी आणि नम्रतेचा पाठ दोन्ही त्या निश्चलतेत आहेत.

शेपटाला हाताचे काम मिळते ते नंतरच्या, विशेषतः देशी भाषांतील रामकथांत. रावणसभेत आसन न मिळाल्यामुळे अंगद, तर काही कथांत हनुमान, आपल्या शेपटाची वेटोळी रचून रावणाच्या सिंहासनाइतके उंच आसन करतो. लंकेतील वस्त्रे आणि तेल संपते तरी शेपूट उरतेच, रावणाने आग फुंकताच त्याच्याच दाढीमिशा पेटतात, असे विस्तार मराठी कीर्तनाने घरोघर नेले. एकनाथांच्या ‘भावार्थरामायणा’पासून पुढे मराठी रामकथेत हनुमानाचे शेपूट हे हास्यरसाचे प्रमुख आलंबन बनते. प्राणिशास्त्राच्या कसोटीवर ही शेपटे अशक्य आहेत. वेटोळ्यांवर देहाचा भार पेलणारे शेपूट भारतात कोणत्याही प्राइमेटाला नाही. परंतु असत्य म्हणून ती बाजूला सारणे हा वाङ्मयाचा अभ्यास नव्हे. लक्षात घ्यावयाचे ते हे की वाल्मीकीचे शेपूट पाहिलेले आहे आणि कीर्तनाचे शेपूट ऐकलेले आहे. पहिले झाडावरच्या प्राण्याशी इमान राखते. दुसरे श्रोत्यांच्या हशाबरोबर वाढत जाते. ‘मारुतीच्या शेपटासारखे लांबणे’ हा मराठी वाक्प्रचार दुसऱ्या शेपटातून निघाला आहे. लांबलेली सभा, न संपणारा खटला, रेंगाळलेले बांधकाम यांना तो लावला जातो.

मूर्तिशिल्पाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. समर्थ रामदासांच्या भीमरूपी स्तोत्रातील मारुतीचे पुच्छ डोक्यावरून वळलेले आहे, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतील त्यांच्या अकरा मारुतींच्या परंपरेने हेच रूप मराठी मनात स्थिर केले. पाठीवरून पुढे, डोक्याकडे वळणारे शेपूट ही उत्तरेकडील वानराची ठेवण होय. सातारा-कोल्हापूरकडील वानर मात्र दक्षिणी ठेवणीच्या पट्ट्यात येतो. रामदासांचा जन्म गोदावरीच्या खोऱ्यातील जांबचा, तपश्चर्या नाशिकजवळील टाकळीची, त्यानंतर बारा वर्षे भारतभ्रमण. तेव्हा त्यांनी उत्तरेकडील वानर पाहिले आणि तेच स्तोत्रात आणले, असे सुबक अनुमान करण्याचा मोह होतो. तो आवरणे बरे. व्यासरायांशी जोडल्या जाणाऱ्या, विजयनगर व कन्नड प्रदेशातील सोळाव्या शतकापासूनच्या हनुमानमूर्तींतही शेपूट डोक्यावरून वळते आणि त्याच्या टोकाला घंटा असते. तो तर निःसंशय दक्षिणी वानराचा मुलूख. मूर्तीतील ही कमान प्राण्याच्या निरीक्षणापेक्षा शिल्पाच्या चौकटीतून आली असावी. देवतेच्या मस्तकाभोवती प्रभावळ हवी असते आणि मारुतीला ती त्याच्या स्वतःच्याच देहातून मिळते. दगडाची अडचण हेही एक कारण आहे. शिलेतून सुटे कोरलेले बारीक शेपूट टिकत नाही. ते पाठीमागच्या शिळेला, खांद्याला वा मस्तकाला चिकटूनच राहावे लागते. जयपूरच्या मूर्तिकारांच्या हातून देशभर जाणाऱ्या संगमरवरी मारुतींतही, आणि ते महाराष्ट्रातील नव्या देवळांतही येतात, शेपूट बहुधा अंगालगत ठेवलेले दिसते. ज्या शहराच्या गच्च्यांवर खरा वानर शेपटाची कमान करून चालतो त्याच शहरात दगडाच्या ठिसूळपणामुळे शेपूट देहाला बांधले जाते.

जयपूरच्या संदर्भात एका तिसऱ्या शेपटाचा, किंबहुना त्याच्या अभावाचा, विचार अपरिहार्य आहे. जैन रामकथेत वानर हे वानरच नाहीत. विमलसूरीच्या ‘पउमचरिय’ या ग्रंथात ते विद्याधर कुळातील मनुष्य असून वानरद्वीपावर राहतात. त्यांच्यातील अमरप्रभ राजाने ध्वज, तोरणे व मुकुट यांवर वानराचे चिन्ह धारण केले म्हणून त्यांना हे नाव पडले. साहजिकच त्यांना शेपूट नाही, आणि शेपटाला आग लावण्याचा प्रसंगही नाही. हनुमान बंध तोडून लंकेतील वास्तूंची मोडतोड करतो. ‘पउमचरिय’ हे जैन महाराष्ट्री प्राकृतातील काव्य असल्यामुळे मराठीच्या अभ्यासकांना ते परके नाही. महाराष्ट्री नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषेत रामकथेचे जे पहिले मोठे काव्य उपलब्ध आहे त्यात हनुमानाला शेपूट नाही, ही वस्तुस्थिती मारुतीच्या शेपटावर वाक्प्रचार रचणाऱ्या मराठीच्या पूर्वेतिहासात जमा आहे. सातव्या शतकातील रविषेणाचे संस्कृत ‘पद्मपुराण’ याच परंपरेतले. त्याची ढुंढारीमिश्रित हिंदी गद्य वचनिका पंडित दौलतराम कासलीवाल यांनी जयपुरात अठराव्या शतकात, संवत १८२३ मध्ये, पूर्ण केली आणि ती उत्तरेकडील जैन घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. त्यामुळे एकाच शहरात एका वाड्यात शेपूटवाला हनुमान पूजिला जात होता आणि शेजारच्या वाड्यात बिनशेपटाचा विद्याधर हनुमान वाचला जात होता. याला विरोध म्हणण्यापेक्षा दोन वाचनसवयींचे शेजारपण म्हणणे अधिक योग्य. जैन कवीचा आक्षेप शेपटावर नव्हता. पशूंच्या साहाय्याने राक्षसांचा पराभव झाला, हे त्याच्या बुद्धीला पटत नव्हते. शेपूट त्या युक्तिवादात ओघाने गळले.

मराठी भाषेने शेपटाशी जे व्यवहार केले त्यांत वानराचा वाटा आश्चर्यकारक रीतीने लहान आहे. शेपूट घालणे, शेपूट हलविणे, गोंडा घोळणे हे सारे कुत्र्याचे. सरळ न होणारे वाकडे शेपूटही कुत्र्याचेच. संस्कृत वळणाचा ‘लांगूलचालन’ हा शब्द ‘लंगूर’शी मुळात नाते सांगतो खरा, पण त्याचा अर्थ श्वानवृत्तीचा आहे, राजकीय लेखनात तो वापरताना कोणाच्याही डोळ्यांपुढे वानर उभा राहत नाही. माकडाच्या वाट्याला हात आला. ‘माकडाच्या हाती कोलीत’ या म्हणीत आग आहे, लंकेची छाया आहे, पण शेपूट नाही. याचे कारण बहुधा असे की कुत्र्याचे शेपूट माणसाला उद्देशून हलते. वानराचे शेपूट माणसाला काहीच सांगत नाही. ते त्याच्या टोळीला आणि त्याच्या फांदीला उद्देशून असते. घरात वावरणाऱ्या प्राण्याची देहबोली वाक्प्रचारांत उतरली आणि रानातल्या प्राण्याची उतरली नाही. अपवाद एकच, तो मारुतीच्या शेपटाचा, आणि तो कथेतून आला, रानातून नव्हे.

रानातल्या वानराला मराठी ललित साहित्यात स्वतःच्या पायांवर उभे राहण्यासाठी व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘सत्तांतर’ची वाट पाहावी लागली. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९८३ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने गौरविल्या गेलेल्या या छोट्या कादंबरीत वानरांच्या टोळ्या, त्यांच्या हद्दी आणि टोळीनायकपदासाठीचा संघर्ष आहे. पुराणाचा आधार घेतलेला नाही. तिच्या आधीच्या दोन दशकांत सुगियामा यांनी धारवाडजवळ आणि सारा हर्डी यांनी अबू येथे वानरांच्या टोळ्यांतील सत्तांतराचा व त्यात होणाऱ्या बालहत्येचा अभ्यास केला होता. हर्डी यांचा अबूच्या वानरांवरील ग्रंथ १९७७ चा. धारवाड आणि अबू ही दोन्ही ठिकाणे शेपटाच्या सीमारेषेच्या दोन अंगांना आहेत. एका ठिकाणी शेपूट मागे वळते, दुसऱ्या ठिकाणी पुढे. टोळी बळकावणारा नर मात्र दोन्हीकडे सारखाच वागताना आढळला.

शहरातल्या वानराला आता शेपूट एका नव्या कारणाने भोवते. राजस्थानातील शहरांत वानरांच्या अपमृत्यूंची जी कारणे नोंदविली गेली आहेत त्यांत वाहनांची धडक आणि विजेच्या तारांचा धक्का ही ठळक आहेत. झाडे तुटली की वानर तारांवरून जातो. फांदीवर तोल सांभाळण्यासाठी बाजूला जाणारे मीटरभर लांब शेपूट तारेवरून जाताना शेजारच्या तारेला टेकू शकते आणि दोन तारांमधून प्रवाह देहातून वाहतो. आखूड शेपटाच्या माकडाला हा धोका नाही असे नव्हे, पण त्याचा पल्ला लहान आहे. दुर्गापुऱ्यासारख्या, शेते जाऊन घरे आलेल्या भागात ज्या उंचीवर पूर्वी आंब्या-निंबाच्या फांद्या असत त्याच उंचीवर आज उघड्या तारा आहेत, आणि त्या अंतरावर वानराच्या शेपटाची लांबी नेमकी बसते.